मुक्या जिवाची दाद कोण मागणार?

बंद फ्लॅटच्या गॅलरीत हातभर साखळीला बांधलेला कुत्रा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. घरची मंडळी सकाळी कामावर जातात, रात्री परततात. चार दिवस गावी जायचे असले तर शेजारच्या मुलाला 'जरा पाणी घाल रे' एवढे सांगून निघतात. उन्हाळ्यात ते पाणी दुपारीच आटते. कुत्रा आधी भुंकतो, मग रडतो आणि काही दिवसांनी गप्प होतो. सोसायटीच्या सभेत त्याचा विषय निघतो तो भुंकण्याचा त्रास होतो म्हणून. तो गप्प झाला की विषयही संपतो.

भूतदयेची शिकवण आपल्याला नवी नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आणि तहानलेल्या गाढवाला कावडीतली गंगा पाजणारे एकनाथ यांच्या गोष्टी ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. पण दया देणाऱ्याच्या मर्जीवर असते; वाटली तर केली, नाही तर नाही. आपण हौसेने घरी आणलेल्या आणि स्वतःच्या पायांनी दाराबाहेर जाऊ न शकणाऱ्या जिवाचे आयुष्य अशा मर्जीवर कसे सोडायचे? त्याला दयेपेक्षा न्यायाची गरज आहे.

त्यासाठी कायदा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला आणि १९६० मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. केवळ मारहाण म्हणजे छळ, असे हा कायदा मानत नाही. पाळलेल्या जनावराला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे, आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणे, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणे, त्याची उपासमार होईल अशा रीतीने त्याला सोडून देणे, हे सारे कलम ११ खाली गुन्हे आहेत.

मग दाद का मिळत नाही? पहिल्या गुन्ह्याला या कलमाने ठरवलेला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. एवढ्या पैशांत आज त्या कुत्र्याचे दोन दिवसांचे खाणेही येत नाही. शिवाय अशी हेळसांड अदखलपात्र गुन्ह्यात मोडते, म्हणून ठाण्यात नोंद होते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशावाचून तपास पुढे सरकत नाही. त्यातच गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही, तर तो पुढे दाखल करता येत नाही. 'उगाच शेजाऱ्याशी वाईटपणा कशाला' या विचारात हे तीन महिने सहज निघून जातात.

पन्नास रुपयांना आपण हसतो आणि त्याच कायद्यातली महत्त्वाची कलमे नजरेआड करतो. कलम ३४ नुसार शिपायाहून वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी जनावर ताब्यात घेऊन तपासणीसाठी हजर करू शकतो. कलम ३५ नुसार मॅजिस्ट्रेट त्याला उपचारासाठी पाठवून खर्च मालकावर टाकू शकतो. आणि मालक दोषी ठरला, शिवाय जनावर त्याच्याकडे राहिल्यास पुन्हा छळ होईल असे दिसले, तर कलम २९ खाली न्यायालय त्याची मालकीच काढून घेऊ शकते. मालकाच्या खिशातून किती गेले, याच्याशी त्या कुत्र्याला काय कर्तव्य? त्याची साखळी सुटली का, हा त्याच्यापुरता न्याय आहे.

कायदाही हळूहळू बदलतो आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत जनावर मारण्याच्या किंवा अपंग करण्याच्या गुन्ह्याला जनावराच्या किमतीची अट होती. शिक्षा दहा रुपयांच्या जनावरासाठी वेगळी, पन्नास रुपयांच्यासाठी वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ ने ती अट काढून टाकली. आता कोणत्याही जनावराला ठार मारणे, विष घालणे, अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र हे कलम जीव गेल्यावर किंवा पाय मोडल्यावर लागू होते. साखळीला बांधून रोज थोडाथोडा मारला जाणारा जीव वाचवायचा, तर जुना कायदाच वापरावा लागेल.

प्रत्येक मालक दुष्ट असतो असे नाही. कोणाच्या घरी आजारपण असते, कोणाची बदली झालेली असते, कोणाला जनावर सांभाळायला किती कष्ट पडतात याची कल्पनाच नसते. म्हणून आधी घरी जाऊन नीट बोलावे, मदत देऊ करावी. त्याने भागले तर उत्तमच. नाही भागले, तर तारखेसह छायाचित्रे, पशुवैद्याचा दाखला आणि पोलीस ठाण्यात व जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीत लेखी तक्रार, एवढी तयारी ठेवावी. ठाण्यात काम अडले, तर थेट मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करण्याची वाट सामान्य नागरिकालाही मोकळी आहे.

न्यायालयात प्रत्येक फिर्यादीला स्वतःचे म्हणणे मांडता येते. या एका फिर्यादीला ते येत नाही. त्याचे भुंकणे थांबले म्हणून सुटकेचा निःश्वास टाकण्याआधी, ते का थांबले हे त्या दारावर जाऊन विचारणारा शेजारीच त्याचा वकील आहे. आणि त्या वकिलाच्या हातात तीनच महिने आहेत.