डबा बदला म्हणतात

माझ्याकडं गाण्याचा एक डबा आहे. वीतभर लांब, लाल रंगाचा, वर धरायला हँडल, मागं मेमरी कार्डाची खाच, एफएम रेडिओ, आणि पुढं सहा बटणं. त्यावर कंपनीचं नाव होतं, ते हाताच्या घामानं केव्हाच पुसून गेलं. बारा वर्षांपूर्वी गुलटेकडीच्या मार्केटयार्डात अंजीर घालून परत येताना बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत घेतला, साडेसहाशे रुपयांना. तेव्हापासून तो अंजिराच्या बागेत, गोठ्यात, मळणीच्या खळ्यावर माझ्याबरोबर हिंडला. परवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पोराकडं हडपसरला महिनाभर राहायला आलो, तेव्हाही पिशवीत कपड्याआधी तो घातला.

आणि तिथंच त्यानं मान टाकली. रात्रभर चार्जिंगला लावावा आणि सकाळी दोन गाण्यांत बंद पडावा.

पोरगा म्हणाला, "आप्पा, किती दिवस जपणार? अपग्रेड करा आता. तुमच्या फोनवर ॲप टाकून देतो, वर्षाचे पैसे मी भरतो. ब्लूटूथचा स्पीकर घेऊ, चार हजारांत चांगला येतो. जगातलं कोणतंबी गाणं मागा, लागतंय." सूनबाई म्हणाल्या, "आप्पा, आवाज पण किती चांगला येतो त्याचा." दोघांचं मन चांगलं, पैसाही त्यांचाच. तरी मी नको म्हणालो. म्हातारा हट्टी आहे, असं ते मनात म्हणाले असतील. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी एक सांगतो. मी नव्याला नावं ठेवणारा नाही. लहानपणी आमच्या विहिरीवर मोट होती. ती गेली, इंजिन आलं, मग विजेची मोटर आली. मी एकदाही मोटेसाठी रडलो नाही. ज्यांनी मोट हाकली नाही त्यांनाच तिची फार आठवण येते. बैल विकले तेव्हा वाईट वाटलं, पण ट्रॅक्टर घेतला. पाटपाणी सोडून ठिबक केलं. मी 1976 ला दहावी झालो, म्हणजे जुनी अकरावी जाऊन नवी दहावी आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी. तेव्हा बदल काय असतो हे मला शिकवायला नको. पण यातल्या प्रत्येक वेळी जुन्यानं काम भागत नव्हतं म्हणून नवं घेतलं. विहिरीचं पाणी खाली गेलं, मोट पुरेना, तेव्हा इंजिन. पाणीच कमी झालं, तेव्हा ठिबक. नवं निघालं म्हणून नवं घेतलं, असं शेतकऱ्यानं केलं तर दोन वर्षांत सातबारा बँकेकडं जाईल.

माझी पाच एचपीची मोटर आजवर चार वेळा जळाली. चारही वेळा सासवडला नेऊन वायंडिंग करून आणली. आतली तांब्याची तार नवी, बेअरिंग नवं, बॉडी तीच. मोटर फेकून द्या असं मला कुणी म्हणालं नाही, माझा पोरगाही नाही. मग गाण्याच्या डब्यानं काय पाप केलं?

घराजवळच्या चकाचक दुकानात डबा दाखवला. पोरानं तो हातात सुद्धा घेतला नाही. "काका, याचा पार्ट येत नाही. नवीनच घ्या." काय बिघडलंय हे न बघता याला पार्ट येत नाही कसं कळलं, हे मी विचारलं. तो फोनकडं बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी डोळ्यात थेंब घालून, काळा चष्मा लावून निघालो. हडपसरहून बसनं स्वारगेट, तिथून भुयारातली मेट्रो, एकच स्टेशन, मंडई. ही मेट्रो 2024 च्या सप्टेंबरात सुरू झाली. छान आहे. वर लक्ष्मी रोडला माणसाला माणूस चिकटलेलं आणि खाली गारेगार. सांगायचं म्हणजे, अपग्रेड मला कळतं.

तपकीर गल्लीत एका जिन्याखाली दीड हात जागेत एक दुरुस्तीवाला बसतो. त्यानं चार स्क्रू काढले, आतला सेल बघितला आणि म्हणाला, "सेल गेलाय बाबा." त्यावर आकडा होता 18650. मी विचारलं, हा काय नंबर? म्हणाला, अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट मिलिमीटर लांब, तेच त्याचं नाव. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत हाच, विजेरीत हाच. मला हसूच आलं. शेतीची लाईट रात्रीची असते तेव्हा पाणी धरायला जाताना डोक्याला जी बॅटरी बांधतो, तिच्यातही हाच सेल. ज्याला पार्ट येत नाही म्हणत होते, तो पार्ट माझ्या घरी खुंटीला टांगलेला होता. त्यानं नवा सेल डाग देऊन बसवला, खाच साफ केली, एकशेऐंशी रुपये घेतले. वेळ लागला वीस मिनिटं. त्यातली दहा चहाची.

आता कुणी म्हणेल, एकशेऐंशी रुपयांसाठी एवढं पुराण कशाला? पैशाची गोष्ट नाही. मी पोराला त्याच्या टेबलाचा खण उघडायला लावला. आत एक वॉकमन निघाला, त्याच्या कॉलेजातला. एक सीडीचा प्लेअर. अंगठ्याएवढा एमपीथ्री. तीन जुने फोन आणि वायरींचा गुंता, सुगरणीच्या खोप्यासारखा. विचारलं, "यातलं काय वाजतंय?" काही वाजत नव्हतं. ज्यानं पाच वेळा अपग्रेड केलं त्याच्या खणात मुकी भांडी, आणि ज्यानं केलं नाही त्याचा डबा वाजतोय. सोनीचा पहिला वॉकमन 1979 चा, ॲपलचा आयपॉड 2001 चा, तो 2022 ला कंपनीनंच बंद केला. प्रत्येक वेळी हेच शेवटचं, याच्यापुढं काही नाही, असंच लोकांना वाटलं.

ॲपचं तर त्याहून पुढचं. वर्षाचे पैसे भरायचे, म्हणजे गाणं भाड्यानं. आमच्याकडं खंडानं जमीन करतात तसं. खंड थांबला की बांधाबाहेर. आणि मालकामालकांत भांडण झालं तर वावरातलं पीक जातं ते खंडकऱ्याचं. 2023 च्या मार्चमध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांचं जमलं नाही, तर गाणी ॲपवरून गायब झाली. पैसे भरणाऱ्याला कुणी विचारलं नाही. विंक नावाचं ॲप लाखो लोक वापरत होते, ते 2024 मध्ये बंदच केलं. आमच्या वडिलांनी रेडिओ घेतला तेव्हा पोस्टातून लायसन्स काढावं लागे, वर्षाला पैसे भरून पुस्तकात तिकिटं डकवून घ्यायची. ते लायसन्स सरकारनं पुढं काढून टाकलं. लोकांना वाटलं सुटलो. आता तेच दर महिन्याला खात्यातून आपोआप जातं आणि त्याला सोय म्हणतात.

म्हाताऱ्यांना काय पाहिजे हे धंदेवाल्यांना कळत नाही असं नाही. एचएमव्हीचा सगळा खजिना ज्यांच्याकडं आहे त्या सारेगामानं 2017 मध्ये कारवाँ काढला. पाच हजार जुनी गाणी आतच भरलेली, इंटरनेट नको, फिरवायचं बटण. सगळं फोनवर फुकट मिळत असताना लोकांनी तो हजारो रुपये देऊन घेतला, दिवाळीला आईबापांना भेट दिला. का घेतला? बटण दाबलं की गाणं लागतं म्हणून. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला काचेवर बोट कुठं ठेवायचं हे दिसत नाही. माझ्या डब्यावरचं तिसरं बटण पुढचं गाणं, हे माझ्या अंगठ्याला अंधारात माहीत आहे.

केंद्र सरकारनं 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात मोबाइल, गाड्या, घरातली यंत्रं आणि शेतीची अवजारंही धरली. चांगली गोष्ट आहे. पण माझ्या बिननावाच्या डब्याला कोणतं पोर्टल विचारणार? त्याचा हक्क जिन्याखालच्या त्या दीड हात जागेत आहे, आणि ती जागाही किती दिवस राहील कोण जाणे. त्याचा पोरगा हे काम करत नाही, डिलिव्हरी करतो.

"जगातलं कोणतंबी गाणं मागा, लागतंय," असं पोरगा म्हणाला होता. मी त्याला म्हणलं, मग लाव, आपल्या गावचं भजन. 1991 च्या सप्त्यात थोरल्या भावानं टेपरेकॉर्डर देवळाच्या खांबाला टेकवून ते भरलं होतं. पखवाज तोच वाजवायचा, म्हणून बटण दाबून पळत जाऊन बसल्याचा आवाजही त्यात आहे. टाळ धरणाऱ्या सात जणांतले आता दोघं उरलेत, भाऊ नाही. कॅसेटवरून सीडी, सीडीवरून या कार्डात ते आलं. ॲपवर ते कुठं शोधणार? पोरगा काही बोलला नाही. त्यानं चुलत्याचा पखवाज लहानपणी मांडीवर बसून ऐकलेला आहे.

संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ बसला. "आप्पा, डबा ठेवा. पण ते कार्ड बारा वर्षांचं आहे, कधीबी जाईल. मग काय करणार?" हे मात्र मला सुचलं नव्हतं. खरं होतं ते. सेल जिन्याखाली मिळतो, भाऊ कुठं मिळणार? त्यानं सगळं लॅपटॉपवर उतरवलं, दोन नवी कार्डं भरली, एक गावी ट्रंकेत ठेवायला दिलं. जुनं कार्ड मी डब्यातच राहू दिलंय, चालतंय तोवर. नातू शेजारी बसून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "आबा, हे कोण खोकतंय?" मी म्हणलं, ते माझे वडील.