बंदूक मागणाऱ्याला कारण विचारा

बंदुकीच्या कायद्याची गोष्ट निघाली की आमच्या शेतकरी बंधूंच्या कपाळाला आठी पडते, आणि ती उगीच पडत नाही. १८७८ साली इंग्रज सरकारने हत्यारांचा कायदा केला. त्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगण्याची बंदी झाली; गोऱ्या साहेबाला मात्र नियमांनी सूट मिळाली. हत्यार कशासाठी पाहिजे हे गौण ठरले. मागणारा कोणाच्या पोटी जन्मला हे मुख्य ठरले. हा कायद्याचा अंगरखा घातलेला अन्यायच होय. परंतु म्हणून बंदुकीवर बंधनच नको असे जे म्हणतात, त्यांस आम्ही ऑस्ट्रेलियाची हकीकत सांगतो.

२८ एप्रिल १९९६ रोजी त्या देशातील टास्मानिया बेटावर, पोर्ट आर्थर येथे, एका माणसाने गोळ्या झाडून ३५ जीव घेतले. पुढच्या बारा दिवसांत तेथील सर्व प्रांतांनी एक करार केला. शेतकऱ्यांच्या पक्षाचा टेकू असलेले पंतप्रधान जॉन हॉवर्ड हेच त्यात पुढे होते. बंदूकवाले खवळले. त्यांच्या एका सभेत हॉवर्ड कोटाखाली गोळी अडविणारे जाकीट घालून बोलले, पण मागे हटले नाहीत.

करार असा : बंदूक मागणाऱ्याने खरे कारण दाखवावे, नुसते ‘माझ्या रक्षणासाठी’ म्हणणे पुरे नाही. मागितल्यावर २८ दिवस थांबावे. भराभर गोळ्या ओकणाऱ्या बंदुका सरकारने किंमत देऊन परत घ्याव्या. सुमारे साडेसहा लाख बंदुका अशा परत आल्या, आणि त्यासाठी लोकांनी जादा कर सोसला. रानडुकरे मारणाऱ्या शेतकऱ्याची साधी बंदूक मात्र त्याच्याकडेच राहिली. याने खून सर्वस्वी थांबले असे नाही. १४ डिसेंबर २०२५ रोजी सिडनीच्या बाँडी किनाऱ्यावर पुन्हा रक्त सांडले. पण बांध फुटला म्हणून कोणी शेत नांगरायचे सोडतो काय? तो बांध नीट घालतो.

आता आपले घर पाहू. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने रंगाचा भेद ठेवला नाही, आणि पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना खुद्द कलमातच सांगितला. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा ठेवली. वरातीत, जल्लोषात बेपर्वाईने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. वर फेकलेली वस्तू खाली येते, हे आम्ही पोरांना शाळेत शिकवितो. नवरदेवाच्या मानासाठी उडविलेल्या गोळीलाही तोच नियम आहे. ती कोणाच्या मुलाच्या डोक्यावर उतरेल, हे उडविणाऱ्याला ठाऊक नसते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की कायदा कडक असावा, पण त्याने सर्वांस एकच प्रश्न विचारावा : हत्यार कशाला? ज्याची ज्वारी डुकरे रात्रीत भुईसपाट करतात, त्याचे उत्तर खरे आहे. ज्याला कमरेला लावून मिरवायचे आहे, त्याच्यापाशी उत्तर नाही; मग तो पाटील असो, पुढारी असो की सावकार असो. शेतकऱ्याचा अर्ज कचेरीत धूळ खात पडावा आणि मिरविणाऱ्याला परवाना घरपोच मिळावा, असे जेथे होईल, तेथे १८७८ सालच पुन्हा आले असे समजावे. आणि बंधूंनो, आपल्या वरातीत बार काढणाऱ्याचा हात पहिल्याने आपणच धरावा. ताशा वाजवा, मानाला तेवढा पुरे आहे.