लॉग फाइल कापण्याआधी एक प्रश्न विचारा

"सर, ड्राइव्ह फुल झाला, बिल निघत नाही." बिलिंग सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवर असेल, तर अशा वेळी एलडीएफ फाइल, म्हणजे ट्रान्झॅक्शन लॉग, आधी बघा. खूपदा तोच फुगलेला असतो. सपोर्टवाला येतो, फाइल श्रिंक करतो, जातो. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. माझ्या मते हे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

लॉग फुगतो का? डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलवर असेल, तर लॉगचा वेगळा बॅकअप घेईपर्यंत जुन्या नोंदी लॉगमध्येच साठत राहतात. रोज रात्री फुल बॅकअप घेतला तरी त्याने लॉग मोकळा होत नाही. गल्लत होते ती इथेच.

म्हणून श्रिंक करण्याआधी मालकाने स्वतःला विचारावं: सर्व्हर आत्ता बंद पडला, तर किती वेळाची बिलं पुन्हा हाताने टाकायची माझी तयारी आहे?

दिवसभराची चालतील? मग सिम्पल रिकव्हरी मॉडेल आणि रोजचा फुल बॅकअप पुरे. नाही चालणार? मग फुल मॉडेल ठेवा आणि दर 15 मिनिटांनी लॉग बॅकअप लावा, तोही दुसऱ्या डिस्कवर. एक्सप्रेस आवृत्तीत एसक्यूएल एजंट नसतो, त्यामुळे हे काम विंडोजच्या टास्क शेड्युलरवर टाकावं लागतं.

हे ठरलं की मग एकदा श्रिंक करायला हरकत नाही. पण फाइल अगदी छोटी करू नका. रोजच्या कामाला जागा लागतेच, ती पुन्हा वाढणार. तरीही फुगत राहिली, तर सिस डॉट डेटाबेसेसमधला 'लॉग रीयूज वेट डेस्क' कॉलम बघा. 'लॉग बॅकअप' दिसलं तर बॅकअप चुकतोय. 'ॲक्टिव्ह ट्रान्झॅक्शन' दिसलं तर एखादं काम अर्धवट अडकलंय.

आणि एलडीएफ फाइल डिलीट? कधीच नाही! डेटाबेस उघडणारच नाही अशी वेळ येऊ शकते.

कमांड सपोर्टवाला देईल. पण किती बिलं गेली तर चालतील, हे त्याने परस्पर ठरवू नये. धंदा तुमचा आहे, निर्णयही तुम्हीच घ्या. त्याला आजच फोन करून विचारा, आपला डेटाबेस कुठल्या मॉडेलवर आहे?