विश्लेषण : सोडियम उकळत नाही, तरी अणुभट्टीत त्याच्या वाफेची चिंता का?

कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉट क्षमतेच्या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर रिअॅक्टरचा (पीएफबीआर) गाभा भरण्यास ४ मार्च २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत सुरुवात झाली. या अणुभट्टीत गाभा थंड ठेवण्याचे काम पाणी नव्हे, तर वितळलेले सोडियम करते. सोडियमची गळती आणि आग यांवर बरेच बोलले जाते. वाफेवर फारसे नाही.

वाफ येते कुठून?

सोडियम ९८ अंश सेल्सियसला वितळते, ८८३ अंशांना उकळते. पीएफबीआरच्या गाभ्यातून ते सुमारे ५४७ अंशांवर बाहेर पडते. पण दोरीवरचे कपडे पाणी न उकळताही वाळतातच! या तापमानाला सोडियमच्या वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारे एक टक्का असतो. ती वरच्या आर्गॉन वायूत मिसळते आणि थंड झाकणाजवळ पोहोचली की आधी धुके, मग घट्ट थर.

बिघडते काय?

याच झाकणातून नियंत्रक दांड्यांच्या यंत्रणा आत जातात. इंधन बदलताना झाकणाचे काही भाग फिरवावे लागतात. भोवतीच्या अरुंद फटींत सोडियम गोठले, तर हालचाल अडते. आत हवा शिरली तर ऑक्साइडची भर. फ्रान्सच्या सुपरफेनिक्समध्ये १९९० साली हवा शिरून सोडियम दूषित झाले आणि अणुभट्टी बंद करावी लागली.

रेणूंची नक्कल कशासाठी?

नेहमीचे संगणकीय गणित वायूला सलग प्रवाह मानते. मोठ्या जागेत ते चालते. सोडियमच्या पृष्ठभागालगतच्या अतिपातळ थरात आणि साचलेल्या थराच्या सूक्ष्म छिद्रांत मात्र ते फसते. तिथे ग्रॅम बर्ड यांनी १९६० च्या दशकात विरळ वायूंसाठी मांडलेली पद्धत वापरता येते. संगणकातला एक कण असंख्य खऱ्या कणांचा प्रतिनिधी मानायचा आणि कोणाची टक्कर होणार हे संभाव्यतेने ठरवायचे. (सोडियमची वाफ बहुतांशी सुट्या अणूंची असते, त्यामुळे ‘रेणू’ हे नावापुरतेच.) किती अणू सुटतात, किती परत चिकटतात, याचे आकडे यातून मिळतात आणि ते मोठ्या मॉडेलमध्ये घातले जातात.

भरवसा किती?

सुमारे १३ मीटर व्यासाच्या अख्ख्या टाकीचे गणित अणूगणिक करणे अशक्यच. खरी मेख चिकटण्याच्या प्रमाणात आहे. पृष्ठभागावर थोडे ऑक्साइड असले तरी ते बदलू शकते, आणि गृहीतक चुकले तर संगणक चुकीचे उत्तरही तितक्याच सफाईने देतो. त्यामुळे प्रत्यक्ष सोडियमवरचे प्रयोग टळत नाहीत. ते खर्चिक आहेत, कारण तापलेले सोडियम हवेत पेटते आणि पाण्याशी संपर्क आला की हायड्रोजन सोडते.