एक जमलं, शंभराचं काय?



नंदुरबार म्हटलं की काय आठवतं? लालभडक मिरची! हंगामात तिकडे मोकळ्या जागेवर मिरच्यांच्या पथाऱ्या पसरलेल्या दिसतात. बायका तासन् तास बसून वाळल्या मिरचीचे देठ खुडतात. हातांची आग आग होते.

आता अशी कल्पना करा, की नंदुरबार तालुक्यातल्या रनाळे गावच्या एका ताईने देठ खुडायचं छोटं हातयंत्र बनवलं. पत्र्याचा डबा, जुन्या सायकलची चेन आणि एक दांडा. विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर! सगळे म्हणाले, "पोरी, आता कारखानाच काढ!"

थांबा, थांबा. नमुना तयार झाला म्हणजे वस्तू तयार झाली असं नव्हे. नमुन्याजवळ ताई स्वतः उभी असते. यंत्र अडलं की ती एक टपली मारते, नाहीतर चेन ओढून घेते. पण ते यंत्र दुसऱ्या गावातल्या मावशींनी विकत घेतलं, तर तिथे टपली मारायला कोण जाणार?

हाच प्रश्न शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका मराठी माणसाला पडला होता. त्यांचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे भावाबरोबर त्यांचं सायकलचं दुकान होतं. आधी त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं आणि 1903 साली लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर जमीन नुसती उकरतो, हा मात्र माती उलटीपालटी करायचा. मग काय, उड्या पडल्या असतील ना शेतकऱ्यांच्या? छे! लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली! बघा, यंत्र चालणं वेगळं आणि लोकांचा विश्वास बसणं वेगळं.

आणि विश्वास टिकवायचा तर सगळे नांगर सारखे हवेत. फाळ आज ना उद्या झिजणारच. तेव्हा त्याच मापाचा दुसरा फाळ मिळाला नाही, तर अख्खा नांगर अडगळीत! म्हणून ओतकामात आधी लाकडाचा अचूक नमुना करतात, त्यावरून वाळूत साचा घेतात आणि त्यात वितळलेलं बीड ओततात. लाकडी नमुना तोच राहिला, की प्रत्येक फाळ जवळजवळ सारखा निघतो.

पुढे 1910 साली औंधच्या राजांनी दिलेल्या 32 एकर माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले! म्हणजे कच्चा माल कुठून येणार आणि तो आटला तर काय, हेही आधीच बघावं लागतं. आपल्या ताईला एका यंत्रापुरती जुनी चेन भंगारात मिळाली. तशाच शंभर चेनी मिळतील का?

आता थोडं गणित. ताईला डबा प्लॅस्टिकचा करायचाय. समजा, त्याचा पोलादी साचा करायला 2 लाख रुपये पडले. यंत्रं 100 च केली, तर प्रत्येक यंत्रावर नुसता साच्याचाच खर्च 2,000 रुपये! दहा हजार केली तर फक्त 20 रुपये. मग काय, कर्ज काढून सरळ दहा हजार करायची? मुळीच नाही! खपली नाहीत तर घर बुडेल. शहाणा माणूस पहिली पन्नास-शंभर यंत्रं पत्रा कापून, वाकवूनच करतो. एकेक महाग पडतं, पण चूक निघाली तर बदल करता येतो. पोलादी साचा एकदा झाला, की तो बदलणं फार महागात जातं.

म्हणून ताईला आमचा सल्ला असा : आधी दहाच यंत्रं कर. दहा घरी महिनाभर वापरायला दे. वहीत लिही, काय तुटलं, काय अडकलं, बोट कुठे सापडू शकतं. बोट सापडण्याची शक्यता असेल तर आधी तिथे जाळी बसव, मगच विक. मजुरी, वाहतूक, दुरुस्ती हे सगळं धरून किंमत ठरव. आणि हो, देठ खुडणाऱ्या मावशींनाही विचार. हे यंत्र त्यांच्या हातांची आग थांबवणार, की त्यांचा रोजच बंद करणार? यंत्र त्यांच्याच हाती राहिलं, तर दोन्ही साधेल.

आता तुमची पाळी. जाड पुठ्ठ्याची, झाकण असलेली एक पेटी करा. मग तशाच आणखी नऊ करा. आता कुठल्याही पेटीचं झाकण कुठल्याही पेटीला बसतं का बघा. नाही बसलं ना? हरकत नाही. पुठ्ठा कापायच्या आधी एक पक्का नमुना कापून घ्या, त्यावरूनच आखा आणि परत करून बघा. आई-बाबांनाही मदतीला बसवा. दहाही झाकणं अदलाबदल करून बसली, की समजा, कारखानदारीचा पहिला धडा तुम्ही गिरवलात!