राणी, तलवार आणि चार वर्षांचं लेकरू

‘स्वराज्यसौदामिनी ताराराणी’ २०२१मध्ये सोनी मराठीवर सुरू झाली, तेव्हा माझा लेक तीर्थपुरीत आजीकडे आणि मी पुण्यात लॅपटॉपसमोर. आई फोनवर रोज एपिसोड सांगायची. मध्येच हळूच, ‘आज जेवला नाही गं.’ सॉलिड गिल्ट!

स्वरदा ठिगळेची ताराराणी तलवार घेऊन झकास दिसायची, प्रश्नच नाही. पण मला छळायचं ते खरं गणित. मार्च १७००मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले. ताराबाई जेमतेम पंचविशीच्या, मुलगा शिवाजी चारेक वर्षांचा, समोर औरंगजेब. त्यांनी पोराला गादीवर बसवलं आणि कारभार स्वतः हाती घेतला. १७०७मध्ये औरंगजेब मरेपर्यंत झुंजत राहिल्या. म्हणजे बघा, आईपण बाजूला ठेवून राज्य केलं असं नाहीच. राज्यच पोराच्या नावावर चाललेलं. (त्याला कुणी विचारलं होतं का, हा वेगळा प्रश्न.) पुढे १७१४मध्ये पन्हाळ्यावर सवत राजसबाईंनी आपल्या मुलाला गादीवर आणलं आणि हे मायलेक कैदेत गेले.

हे सगळं आईला ऐकवलं. ती म्हणाली, ‘कैदेत का होईना, लेकरू जवळ होतं की तिच्या!’

शुक्रवारी रात्री जालन्याची एसटी पकडली.