हजेरीपटावरील नावे
मुंबईत कुलाब्यास १८५८ साली उपासनेसाठी समर्पित झालेले आणि अफगाण चर्च म्हणून सर्वश्रुत असलेले मंदिर पहिल्या अफगाण युद्धात व सिंधच्या मोहिमेत कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ उभारले गेले. परंतु तेथील भिंतीवर नावे कोरली आहेत ती अंमलदारांची, आणि शिपाई फार असल्याने त्यांची तशी नोंद होऊ शकत नाही, असे स्मृतिलेखच नमूद करतो. (हजेरीपटावर मात्र त्यांची नावे मावत होती!) ईश्वरासन्निध हुद्द्याला मोल नाही असे मानणाऱ्या धर्माच्या वेदीपाशी हा तारतम्यभाव निमूटपणे स्वीकारला जावा, हे मला अनुचित वाटते. याउलट, १९१७ च्या ब्रिटिश राजसनदेने स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाने सेनापती व शिपाई यांस एकाच घडणीची शिळा दिली, तीही क्रूसाकृती शिळेसाठी अर्ज करणाऱ्या अनेक भाविकांचा विरोध पत्करून.